पाय घरचं पायजेत

जोतिबाचं खेटं मी एकवीस वर्सं घातल्यात, एक रविवार चुकवल्याला न्हाय. आता ती रिक्षातनं घातल्यात, एवढंच काय ते.

ज्यास्नी खेटं म्हाईत न्हाईत त्यांच्यासाठनं सांगतो. माघ पुनव झाली की आमच्या कोल्हापूरची माणसं वळीनं पाच रविवार चालत जोतिबाच्या डोंगराला जात्यात. एक रविवार म्हंजे एक खेटा. पहाटं पेठंतनं निघायचं, शिवाजी पूल वलांडायचा, वडणगं, निगवं, कुशिरं करत गायमुखाला पोचायचं आन तिथनं पायऱ्यांनी वर देवळाला. येताना कसंबी या. बसनं या, टेंपोतनं या, देव इचारत न्हाय. पण जाताना पाय. माझी बायको सुशीला बावीस वर्सं चालली, अनवाणी. आन मी त्याच रविवारी, त्याच रस्त्यानं, शिवाजी पेठ ते जोतिबा सीटा भरून रिक्षा पळवायचो. वडणग्याच्या पुढं कुठंतरी बायकांच्या घोळक्यात तिचं हिरवं लुगडं दिसायचं. मी हॉर्न मारायचो. ती बगायची न्हाय. मागचं पॅसेंजर इचारायचं, "वळकीच्या हायत व्हय?" मी म्हणायचो, "हाय थोडीफार वळक."

आता परत माघ लागलाय. सकाळच्या हवंत ती गुऱ्हाळाची चव आलीया. रसाची कायल उकळाय लागली की गोडसर, जरा करपट असा वास नदीवरनं पेठंत शिरतोय, आन माझं पाय आपोआप हलाय लागत्यात. पाय! माझं! दोन वर्सांमागं कोण आसं म्हणलं असतं तर मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात न्हेला असता. रिक्षावाला माणूस चालत न्हाय. कोपऱ्यावर चहा प्यायचा तरी किक मारून जातोय. तीस वर्सांत मी कोल्हापूर बगितलं म्हंजे काय बगितलं? म्होरल्या चाकाखालचा खड्डा आन आरशातलं पॅसेंजरचं तोंड. तेवढंच.

चालायला मला शिकवलं ते कोल्हापूरनं न्हाय. विलायतेनं शिकवलं. हसू नगासा, खरं हाय.

गेल्या माघाच्या आदल्या उन्हाळ्यात आमची लेक, वैशाली, तिकडं बाळंत झाली. जावाई तिकडं नोकरीला. आमी दोघं दोन म्हैन्यांसाठनं गेलो. सुशीलाला काम हुतं. बाळाला न्हाऊ घालायचं, लेकीला डिंकाचं लाडू घालायचं, शेगडी पेटवायची. शेगडी म्हंजे पेटवलीच पैल्या दिवशी, तर छताला बसवल्यालं यंत्र असं बोंबललं की शेजारी भाईर आलं. मला मातर काय काम न्हाय. सोप्यात बसलो तर पंख्याखालच्या कुत्र्यागत सगळ्यांच्या पायांत यायचो. चौथ्या दिवशी लेक म्हणाली, "आबा, जावा की जरा फिरून या. मागं टेकडी हाय."

"रस्ता कुणाला इचारू? मला विंग्रजी येतंय व्हय?"

"बाण बगा. खांबावर पिवळा बाण असतोय. बाण दाखवील तिकडं जावा."

शाळा माझी चौथीत संपली. तीबी मास्तरानं संपवली. पण बाण वाचाय शाळा लागत न्हाय. मी निघालो.

टेकडी म्हंजे कशी, तर परात पालथी घातल्यागत. काटा न्हाय, कातळ न्हाय, करवंदाची जाळी न्हाय. नुसतं हिरवं गवत, मऊ, आन त्यावर पांढरी मेंढरं, कुणीतरी चुरमुरं सांडल्यागत. मला वाटलं, ही कसली टेकडी, ही तर उशी हाय. धा पावलं चढलो आन उशीवर निजायची पाळी आली. छातीत भाता सुरू. तेवढ्यात मागनं एक म्हातारी आली, ऐंशीच्या घरातली असंल, पांढरं केस, हातात काठी आन पुढं एक तपकिरी कुत्रं. तिनं मला "मॉर्निंग" केलं आन सरळ वर निघून गेली. काठी ती टेकत नव्हती, नुसती हलवत हुती. कुत्र्यानं वळून बगितलं. ते हसलं असं मी म्हणत न्हाय, पण त्याला दात हुते.

त्या वाटंवर एक फाटक हुतं. त्याला अर्धगोल लाकडी कठडा, आन त्यात मधी झुलणारं फाटक. माणूस कठड्यात शिरतंय, फाटक सरकवून पल्याड भाईर पडतंय. मेंढराला तेवढी अक्कल न्हाय म्हणून मेंढरू आत ऱ्हातंय. पैल्या दिवशी मी शिरलो आन आतच ऱ्हायलो. पोट एकीकडं, फाटक एकीकडं. सरकवावं तर पोटात घुसतंय, मागं यावं तर लाज वाटती. म्हातारी परत येताना तिला मी तिथंच घावलो. ती काय म्हणली कळलं न्हाय, पण तिनं आपल्या पोटावर हात ठेवला, श्वास वढून ते आत घेतलं आन माझ्याकडं बोट केलं. मीबी वढलं. सुटलो. त्या दिवशी तेवढंच. खांबावरचा बाण वर दाखवत हुता आन मी खाली आलो.

पण रातभर मला एकच खुपत हुतं, की मेंढराला जमत न्हाय ते मलाबी जमलं न्हाय. दुसऱ्या दिवशी गेलो. फाटक वलांडलं. त्याच्या पुढं एक बाकडं हुतं, तिथवर गेलो. तिसऱ्या दिवशी त्याच्या वरचं बाकडं. चढावर बाकड्यांची वळ हुती, आन परत्येक बाकड्यावर पितळंची पट्टी. फोटू काढून लेकीला दावला. तिनं वाचलं आन म्हणाली, "आबा, एका बाईच्या आठवणीत बसवलंय. तिला हितनं बगायला लई आवडायचं, असं लिवलंय." आमच्याकडं माणूस गेलं की घाटावर पायरी बांधत्यात, शाळंला पंखा देत्यात आन पात्यावर नाव टाकत्यात. पण त्येला कुठनं बगायला आवडायचं हे आमी कवा इचारतो? मी मेल्यावर माझं बाकडं कुठं बसवतील? रिक्षा स्टॉपवर, आन कुठं.

एक गोष्ट मातर मला पटता पटंना. ती वाट कुणाच्याबी रानातनं जायची. शेतकऱ्याचा गहू हुभा, आन मधोमध पायवाट सोडल्याली, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठनं. कुंपण असंल तिथं चढायला लाकडाची पायरी. कोण हटकत न्हाय. सुशीलाचा भाऊ मुरगूडला असतोय. चुलतभावाशी हातभर बांधापायी त्येची केस चाललीया, कवापासनं ते त्येलाबी आठवत न्हाय. त्येला मी फोनवर हे सांगितलं. त्यो म्हणला, "दाजी, मग तिकडं वकील काय खात्यात?"

नवव्या दिवशी मी वर पोचलो. वर सगळं मोकळं. वारं असं की शर्टाचा फुगा झाला. आन मधी एकच, छातीएवढा, चौकोनी, पांढरा सफेद दगडी खांब. मी काय इचार करणार? डोंगराच्या टोकावर, चुना लावल्याला, एकटा दगड. आमच्याकडं लहान पोरगंबी सांगंल, देव हाय म्हणून. बूट काढलं. बाळाच्या कपाळाला लावाय सुशीलानं जोतिबाचा गुलाल बांधून आणला हुता, त्यातली पुडी माझ्या खिशात हुती. त्या दगडाला पाच फेऱ्या मारल्या, गुलाल लावला, उरल्याला उधळला, आन पोटातनं वरडलो, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" मेंढरं चारी दिशांना पळाली. मागं बगतोय तर म्हातारी आन कुत्रं. दोघांच्याबी अंगावर गुलाल. पांढरं केस गुलाबी झालेलं. मी हात जोडलं. तिनं जरा इचार केला, आन तिनंबी जोडलं. कुत्र्यानं मातर अंग झाडलं.

घरी सांगितलं तवा लेकीनं कपाळाला हात लावला. "आबा! त्यो मोजणीचा दगड हाय! जुन्या काळी सरकारनं मुलूख मोजाय बांधल्याला!"

म्हंजे मी भूमापन खात्याला गुलाल लावला. मुरगूडच्या मेव्हण्याला सांगितलं तर त्यो म्हणला, "दाजी, बरं केलासा. आमची मोजणी अडून ऱ्हायलीया, जरा माझ्याबी नावानं नारळ फोडा."

पण पुढं मी रोज जायाय लागलो तवा एक ध्यानात आलं. जे कोण वर येतंय, ते त्या दगडाला हात लावतंय. म्हातारीबी लावायची. दम खाल्ला, हात लावला, चारी बाजूला बगितलं आन उतरली. मोजणीचा असूदे न्हायतर देवाचा, चढून आल्यावर माणसाला हात लावाय कायतरी लागतंय. मला तेवढं चुकलं असं वाटलं न्हाय. गुलाल पावसानं पुसट झाला, पर आमी निघंपर्यंत दगडाच्या एका कोपऱ्याला गुलाबी छटा हुती.

वरच्या बाकड्यावर बसलं की खाली सगळं गाव दिसायचं. घरं सगळी येकसारखी, लाल छपराची, साच्यातनं काढल्यागत. आपलं कुठलं कसं वळकायचं? पण परसात दोरीवर सुशीलाचं हिरवं लुगडं वाळत असायचं. सगळ्या गावात तेवढं एकच. वारं सुटलं की ते असं हलायचं, की वाटायचं सुशीला खालनं मला हाका मारालीया. मी वरनं हात करायचो. शेजारच्या बाकड्यावरची माणसं जरा सरकून बसायची.

एका रविवारी बाळ निजलं हुतं. मी तिला म्हणलं, "चल की वर." ती म्हणाली, "गुडघा दुखतोय." म्हणली पर चपला घालून दारात हुभी. बावीस वर्सं जोतिबाचा डोंगर चढल्याली बाई. ती ही पालथी परात चढली, पण दर बाकड्याला थांबून, गुडघ्यावर हात ठेवून. मी म्होरं आन ती मागं, असं आमच्या जलमात पैल्यांदाच झालं. मला लई ताठा चढला हुता. फाटकाजवळ तिला म्हणलं, "पोट आत घ्यावं लागतंय." ती सरळ गेली.

वर जाऊन तिनंबी त्या दगडाला हात लावला. "हितं देव न्हाय न्हवं?"

"न्हाय. मोजणीचा दगड."

"तरी चढून आलं की बरं वाटतंय," ती म्हणाली आन बाकड्यावर टेकली. जरा येळानं खाली बगत म्हणाली, "आपलं घर कुठलं?"

मी बगितलं. परत बगितलं. "तू लुगडं वाळत घालतीस त्यावरनं कळतंय मला. आज नेसूनच आलीयास. आता मलाबी सापडंना."

ती हसली. मग हसायची थांबली. मी म्हणलं, "तुला एक इचारू? ही बावीस वर्सं तू खेटं कशापायी घातलीस? पोरीचं लगीन तर झालं, नवस फिटला की."

"पोरीचा नव्हता."

"मग?"

"तुमचा."

बावीस वर्सांमागं जोतिबाच्या घाटात माझी रिक्षा पलटी झालती. मी ती गोष्ट नेहमी हसत सांगतो. की आडवी म्हस आली, मी म्हशीला वाचवलं आन म्हशीनं मला वळखबी दावली न्हाय. तीन दिवस मी शुद्धीवर नव्हतो, हेबी मी हसतच सांगतो, म्हंजे तेवढे तीन दिवस पेठंला शांतता हुती म्हणून. त्या साली सुशीलानं पैलं खेटं घातलं. म्हणून तिची बावीस आन माझी एकवीस. मला वाटायचं पोरीच्या लग्नासाठनं जाती, न्हायतर बायका जात्यात म्हणून जाती, पाच रविवार घराभाईर पडाय मिळतंय म्हणून जाती. आन ती दवाखान्याच्या पायरीवर देवाला बोलली हुती, की ह्येनी डोळं उघडू देत, पाय हायत तवर पाच रविवार चुकवणार न्हाय.

आन मी हॉर्न मारत बाजूनं जायचो.

मग नेहमीची सवय, तोंड उघडलं. "पर देवानं ऐकलं कसं गं? माझ्यासारख्यासाठनं?"

"त्येचंबी कधीमधी चुकतंय," ती म्हणाली.

उतरताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. गुडघ्यासाठनं ठेवला हुता. मी म्होरं बगत चाललो, कारण डोळ्यांत वारं जात हुतं.

मग गेल्या साली माघ आला. पुनवेच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरनं सुशीलाच्या गुडघ्याचा फोटू बगितला आन सांगितलं, गुडघ्यात वंगण संपलंय, आता चढ न्हाय, पायऱ्या न्हाईत, जिना चढायचा तरी जपून. सुशीला घरी आली. खेट्याची कापडी पिशवी खुंटीवर असती तिची, त्यात तांब्या, खोबऱ्याची वाटी, एक टावेल. तिनं ती पिशवी काढली, धुतली, वाळवली, घडी घातली आन ट्रंकंत ठेवली. रडली न्हाय. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, कायतरी चावट बोलून हसवलं असतं. ट्रंकंचं झाकाण लावताना नुसतं म्हणाली, "पाय हायत तवर म्हणलं हुतं. आता न्हाईत."

मी म्हणलं, "माझं हायत की."

ती हसली, हे मातर सांगाय पायजे. डॉक्टरकडनं आल्यापासनं पैल्यांदा हसली, आन ते माझ्या पायांकडं बगून.

"खरं म्हणतोय. मी घालतो तुझं खेटं. चालतंय न्हवं दुसऱ्यानं घातलं तर?"

"पाय घरचं पायजेत," ती म्हणाली. "आन पाय म्हंजे पाय. चाक न्हवं."

दुसऱ्या दिवसापासनं रोज सकाळी रंकाळ्याला फेरा. स्टॉपवर माझा दोस्त दिल्या, त्याचीबी रिक्षा, आमी संगं लायसन काढल्यालं. त्यो बगून वरडला, "तान्या, रिक्षा इकलीस का रं?" मी म्हणलं, खेटं घालणार हाय. ह्यावर स्टॉपवरची सगळी अशी हसली, की मीबी हसायला लागलो. हसण्यात मी कवा मागं न्हाय.

पैला रविवार. पहाटं निघालो. पूल वलांडला. खाली पंचगंगंवर धुकं, घाटावर दिवं. वडणगं आलं. निगव्याच्या अलीकडं पोटऱ्या भरून आल्या, ऊन चढाय लागलं, आन मागनं हॉर्न. दिल्या. रिकामी रिक्षा घेऊन, दात काढत. "बस की मर्दा. कोण बगतंय?"

आता खोटं का सांगू. बसलो.

गायमुखापर्यंत न्हाय, पार वर देवळापर्यंत बसलो. दर्शन घेतलं, गुलाल लावला, सकाळी धाच्या आत घरी. सुशीला दारात खुर्चीवर बसली हुती. तिनं माझ्या तोंडाकडं बगितलंच न्हाय. पायांकडं बगितलं. बावीस वर्सं चालल्याली बाई, तिला पाय वाचता येत्यात, मला बाण येतोय तसं.

"टाचा कोऱ्या हायत," ती म्हणाली. मग इचारलं, "देवाला काय सांगितलासा?"

वरडली असती तर मी वरडलो असतो. पर तिनं खरंच इचारलं हुतं, पोराला इचारावं तसं. दवाखान्याच्या पायरीवर देवाला दिलेला शब्द, बावीस वर्सं एक रविवार मोडला न्हाय, आन माझ्या हातात दिल्यावर पैल्याच रविवारी मी त्यो दिल्याच्या रिक्षात बसवला. मी तांब्याभर पाणी प्यालो. घड्याळाकडं बगितलं. म्हणलं, "सुशे, रविवार अजून हाय."

"ऊन बगा भाईर."

"बगितलं."

तिनं मला थांब म्हणलं न्हाय. उठली, भिंतीला धरत आत गेली, ट्रंक उघडली. ती पिशवी काढून माझ्या खांद्याला अडकवली आन हातात गुळाचा खडा ठेवला. "डोक्यावर टावेल घ्या," एवढंच म्हणाली.

अकराला निघालो. त्या उन्हातलं मला सगळं ध्यानात हाय. पुलाचा कठडा तव्यागत. रस्त्याकडंला ऊस तोडल्यालं रान, पाचट जाळल्याला काळा पट्टा. सकाळची गर्दी वसरून गेल्याली. एका मंडपात सरबताच्या पिंपाच्या तळाला थोडं उरलं हुतं, तिथल्या माणसानं पिंप वाकडं करून मला गल्लासभर दिलं. "पावणं, लई उशिरा?" मी म्हणलं, "लवकर जाऊन आलो, परत निघालोय." त्येला वाटलं मी लई मोठा भक्त. पाया पडाय लागला. त्या खेट्यात मला सगळ्यात जास्त लाज तिथं वाटली.

बाकड्यांचा हिशेब तिथं कामाला आला. पार डोंगराकडं बगायचंच न्हाय. त्या बाभळीपत्तुर. मग त्या पाण्याच्या टाकीपत्तुर. गायमुखाच्या पायऱ्यांवर दगडादगडाला गुलाल असतोय, बावीस वर्सांचा न्हाय, किती पिढ्यांच्या बोटांचा. तिकडं पिवळा बाण, हिकडं गुलाल. वाट चुकायची सोय न्हाय, फकस्त मोडायची सोय हाय. मधल्या पायरीवर मला परत त्या फाटकातल्यागत झालं, म्होरंबी जाता येईना, मागंबी येता येईना. म्हातारी आठवली. पोट आत वढलं. काय उपयोग नव्हता, तिथं फाटक नव्हतं, पर चढलो.

दिवस बुडायच्या आत वर पोचलो. उंबऱ्याला हात लावून देवाला म्हणलं, "सकाळी आलता त्यो मी न्हवं. माझ्यासारखा दिसणारा दुसरा कोणतरी हुता. त्येचं मनावर घेऊ नगंस." बसनं घरी आलो. सुशीलानं खुर्ची वढली, माझा पाय मांडीवर घेऊन टाच बगितली. दोन फोड, एक फुटल्याला. हळद-तेल लावलं आन म्हणाली, "आता हाय." आयुष्यात मला मिळाल्यालं तेवढंच सर्टिफिकीट.

मग दुसरा रविवार, तिसरा, चौथा. सगळं सांगत बसत न्हाय. पर चालताना ज्ये दिसलं, ते त्याच रस्त्यावर एकवीस वर्सं मला दिसलं नव्हतं. गुऱ्हाळावर कायलीतनं काकवी वतताना सोन्याच्या दोरीगत पडती. कुशिऱ्यात एक आजी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर ताकाचं फुलपात्र ठेवती, नाव इचारत न्हाय. पुढं चालल्याल्या बायका गाणं म्हणत असत्यात आन चढ लागला की गाणं मोडत न्हाय, नुसतं हळू हुतंय. ह्या सगळ्यातनं सुशीला गेली हुती. आन ह्या सगळ्यावर मी धूळ उडवली हुती. चौथ्या रविवारी दिल्या रिक्षा घेऊन बाजूनं गेला. हॉर्न मारला. मी बगितलं न्हाय. त्या दिवशी मला कळलं ती का बगायची न्हाय. राग नसतोय त्यात. मान वळवली की पावलांचा ताल तुटतोय.

वर गेलं की मी कट्ट्यावर बसायचो आन शोधायचो. समोर पन्हाळा, खाली पंचगंगा वाकडीतिकडी पडल्याली, उसाचं पट्टं, आन लांब धुरकट कोल्हापूर. त्यात माझी पेठ नखाएवढी. पेठंत माझं घर? चौथ्या खेट्यानंतर मी सुशीलाला म्हणलं, "पाचव्याला गॅलरीत तुझं हिरवं लुगडं घाल. वरनं घर वळकतंय का बगतो."

"येवढ्या लांबनं दिसाय तुमी घार हायसा व्हय?"

"विलायतेत दिसायचं."

"तिथं टेकडी परसात हुती," ती म्हणाली.

पाचवा रविवार मी अनवाणी गेलो. तिनं सांगितलं नव्हतं. पुलावर चपला काढून पिशवीत घातल्या, कारण पाय घरचं पायजेत म्हणल्यावर मधी चप्पल कशाला. खडी टोचती, डांबर चावतंय, पर गायमुखाच्या पायऱ्या गार असत्यात, आन मधी झिजून खोलगट झाल्यात. माझं पाऊल त्या खोलगटात बरोबर बसलं. त्यातला केसभर दगड बावीस वर्सांत सुशीलानं झिजवला असंल, असं माझ्या मनात आलं, आन मी शेवटच्या पायरीपर्यंत एकबी चावट गोष्ट बोललो न्हाय. संगतीची माणसं इचाराय लागली, "तब्येत बरी हाय न्हवं?"

खोबरं-गुलाल घेतला, कट्ट्यावर बसून अर्धा तास डोळं फाडून कोल्हापूरकडं बगितलं, आन खाली आलो. आता सरळ घरी जावं की न्हाय? न्हाय. पैला स्टॉपवर गेलो. दिल्याला तळपाय दावलं. पानपट्टीवाल्याला दावलं. तालमीसमोर पोरं फुटबॉल खेळत हुती, त्यांचा खेळ थांबवून दावलं. एका अनोळखी पॅसेंजरलाबी दावलं, त्यो दुसऱ्या रिक्षात बसला.

मग गल्लीत वळलो आन मान वर केली. गॅलरीच्या कठड्यावर हिरवं लुगडं. सगळं पसरल्यालं, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. जिना चढून हात लावून बगितलं, तर लुगडं कोरडं ठणठणीत, ट्रंकंतली घडी तशीच दिसत हुती. धुतल्यालं नव्हतंच.

सुशीला दारात खुर्चीवर. मी तिच्या कपाळाला गुलाल लावला. तिनं डोळं मिटलं, आन मिटूनच ठेवलं जरा येळ. मला गप बसता येत न्हाय, हा माझा जुना रोग.

म्हणलं, "दिसलं बरं का वरनं. हिरवं. हलत हुतं."

तिनं डोळं उघडलं.

"खोटं बोलू नगासा. बावीस वर्सं मी वरनं बगितलंय, आपलं घर तिथनं दिसत न्हाय. पाय धुवा आन मग आत या, फरशी पुसलीया."